शिरपेच टोचतो तेव्हा

प्रश्न : मी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकले, इंजिनिअर झाले, सहा वर्षांपासून ठाण्यात एका खासगी कंपनीत आहे. जूनमध्ये मला टीम लीड केलं. हाताखाली नऊ माणसं. घरच्यांनी पेढे वाटले आणि मी मात्र तेव्हापासून धड झोपलेली नाही. रोज सकाळी लोकलमध्ये एकच विचार येतो, आज माझं पितळ उघडं पडणार. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, तेव्हा वाटतं की यांना अजून कळलेलं नाही, एवढंच. त्यात एक सहकारी हसत हसत म्हणून गेला, "तुमचं बरंय बुवा, कोटा!"

दिवाळीत घरी आले तेव्हा भाचीला घेऊन शिरपामाळावर गेले होते. सुरतेला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजांनी त्यांना मानाचा शिरपेच दिला, हे तिला सांगितलं. आठ वर्षांची पोर ती, पटकन म्हणाली, "आत्या, तो टोचत नसेल का गं?" मला उत्तर सुचलं नाही. मला तर टोचतोय. का टोचतो? आणि काय करावं?
— एक वाचक, जव्हार

उत्तर : ताई, प्रश्न तुमच्या भाचीनं विचारलाय, तेव्हा आधी तिचं बघू.

शिरपेच हा दागिना मोठा गमतीचा. ज्याच्या डोक्यावर असतो त्यालाच तो दिसत नाही. समोरच्यांना खडे दिसतात, लखलखाट दिसतो. घालणाऱ्याला फक्त वजन कळतं, आणि नीट बसला नसेल तर टोक. तुमच्या पत्राचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेल्या निम्म्यासाठी जरा मागे जाऊ.

शिरपामाळाची जी आठवण तुमच्याकडे सांगतात ती १६६३ साल सरून १६६४ उजाडतानाची. महाराज सुरतेच्या वाटेवर होते, जव्हारच्या गादीवर विक्रमशहा होते. त्या क्षणी महाराजांच्या मनात काय होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, आपणही त्यांच्या तोंडी काही घालू नये. पण सनावळी बोलते. महाराज तेव्हा चौतिशीच्या आतले. अफजलखानाचा प्रसंग होऊन चार वर्षं झालेली, लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटून वर्षही झालेलं नव्हतं. राज्याभिषेक मात्र अजून दहा वर्षं लांब, ६ जून १६७४ चा. म्हणजे 'छत्रपती' हा शब्द यायचा होता, सुरतेची मोहीमही व्हायची होती, आणि शेजारच्या राजाला मात्र जे दिसायचं ते आधीच दिसलं होतं. काम आधी झालं, पदवी मागाहून आली.

जव्हारच्या गादीचंही तसंच. जायबा मुकण्यांनी राज्य उभं केलं आणि दिल्लीच्या सुलतानाची मान्यता आली ती त्यांच्या मुलाला, निमशहाला, १३४३ मध्ये. दिल्लीचा कागद येईपर्यंत डोंगर मुकण्यांचे नव्हते, असं कुणी म्हणेल का? तुमच्या बढतीचं पत्रही जूनमध्ये आलं. त्यात जे लिहिलंय ते तुम्ही आधीची सहा वर्षं करत होता.

आता तुमच्या दुखण्याच्या नावाकडे येऊ. इंग्रजीत याला 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतात. इम्पोस्टर म्हणजे तोतया. हा शब्द मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे काही वर्षांनी एक माणूस 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. कैदेत पडला, सुटला, कोकणात फौज जमवली, किल्ले घेतले. शेवटी १७७६ मध्ये पुण्यात आणून, चौकशी करून त्याला देहान्त शासन दिलं. न. चिं. केळकरांनी त्याच्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटकच लिहिलं. आता सांगा, लोकलच्या डब्यात उभं राहून 'आपण खरे भाऊ आहोत की नाही' या चिंतेनं या माणसाची झोप उडाली असती का? चिंता असलीच तर पकडलं जाण्याची. आपण कोण नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोतया जे नाही ते आहे म्हणून सांगतो. तुम्ही जे आहे ते नाही म्हणून स्वतःला सांगता. ही दोन माणसं एका नावाची नव्हेत.

ज्यांनी हे दुखणं पहिल्यांदा कागदावर मांडलं त्या पॉलिन क्लान्स आणि सुझान इम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांचा लेख १९७८ चा. दीडशेहून जास्त कर्तबगार स्त्रियांशी झालेल्या कामातून त्यांना दिसलं, की पदव्या, पारितोषिकं, मानाच्या जागा हाताशी असूनही या बायकांना आपण लोकांना फसवतोय असंच वाटतं. त्यांनी शब्द वापरला होता 'फिनॉमिनन', म्हणजे एक अनुभव. 'सिंड्रोम' हा आजाराचा वास येणारा शब्द पुढे लोकांनी चिकटवला.

या अनुभवाचं एक चक्र असतं, तुमच्या ओळखीचं निघेल. काम अंगावर येतं. पोटात गोळा येतो. मग एक तर माणूस रात्र रात्र जागून गरजेच्या तिप्पट तयारी करतो, नाहीतर घाबरून शेवटच्या घटकेपर्यंत टाळतो आणि मग एका दमात उरकतो. काम होतं, शाबासकी मिळते. जो जागला तो म्हणतो, 'एवढी मेहनत केली म्हणून जमलं, अक्कल कुठे होती?' ज्यानं टाळलं तो म्हणतो, 'नशीब म्हणून निभावलं.' यशाची पावती दोन्हीकडून दुसऱ्याच्याच नावावर फाटते. खात्यात शिल्लक शून्य, आणि पुढचं काम आलं की पुन्हा गोळा.

असं का होतं? शिरपेचच आठवा. तुम्हाला तुमची आतली बाजू दिसते. खोडलेले तीन मसुदे, गुपचूप शोधलेले शब्द, फोन करण्याआधी प्यायलेलं पाणी. शेजारच्या टेबलावरच्या माणसाची मात्र फक्त बाहेरची बाजू दिसते, इस्त्री केलेली. आपल्या आतल्या बाजूची दुसऱ्याच्या बाहेरच्या बाजूशी तुलना केली की आपण हरणारच. तोही घरी जाऊन हेच करत असतो. कुणी बोलत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच.

त्यात आपल्या मराठी वळणाची भर. साडी छान आहे म्हटलं की 'जुनीच आहे हो', आमटी छान झाली म्हटलं की 'आज जरा मीठच कमी पडलं'. हा विनय ओठांवर असेपर्यंत गोड. पोटात उतरला की बाधतो.

आता उपाय. त्याआधी मनातल्या ढिगाचे तीन वाटे करा, कारण तिघांची औषधं वेगळी.

पहिला वाटा 'मला हे येत नाही' याचा. तो खराही असू शकतो. टीम लीडला कामाचा अंदाज बांधावा लागतो, वरिष्ठांसमोर इंग्रजीतून मांडणी करावी लागते, हाताखालच्याला 'हे चुकलं' असं तोंडावर सांगावं लागतं. यातलं काय येत नाही त्याची यादी करा. चार-पाच ओळींच्या पुढे ती जाणार नाही. 'मी लायक नाही' हे कुठल्याच वर्गात शिकता येत नाही. 'मला अंदाजपत्रक मांडता येत नाही' हे पंधरा दिवसांत येतं.

दुसरा वाटा नवखेपणाचा. तुमच्याकडे आवणीच्या वेळी भाताचं रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावलं की काही दिवस मान टाकतं, पिवळं पडतं. म्हणून ते रोप खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. मुळं धरेपर्यंत थांबतात. पाड्यावरून आश्रमशाळेत, तिथून कॉलेजात, तिथून ठाण्यात, आणि आता खुर्चीवर. तुमची आवणी चार वेळा झाली आहे. घरात ज्याचे आजोबा-वडील अशा खुर्च्यांवर बसले त्याला खुर्चीची रीत दुधाबरोबर मिळते. तुम्हाला ती बघून बघून शिकावी लागते. याचा हुशारीशी संबंध नाही.

तिसरा वाटा 'कोटा' म्हणणाऱ्या सहकाऱ्याचा. हा तुमच्या मनातला नाहीच, तो ऑफिसातला आहे. त्याला दोन गोष्टी ठाऊक नसाव्यात. खासगी कंपनीच्या नेमणुकीत आणि बढतीत अनुसूचित जमातींसाठी आरक्षण नाही. आणि कॉलेजच्या दारात आरक्षण असलं तरी आत पेपर सगळ्यांना तोच, पास व्हायचे गुणही तेच. एकदा शांतपणे, चारचौघांत, हे सांगून टाका. पुन्हा झालं तर तारीख, वेळ, शब्द आणि तिथे कोण होतं ते लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा. चारचौघांसमोर जातीवरून केलेल्या अपमानाविरुद्ध १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहे. क्लान्स आणि इम्स यांनी अभ्यासलेल्या स्त्रिया बहुतेक गोऱ्या आणि सुस्थितीतल्या होत्या. २०२१ मध्ये रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन बुरी या दोघींनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत नेमका हाच मुद्दा काढला. ऑफिसच जर बाईला रोज परकं ठरवत असेल, तर तिला 'तुझ्या मनाचा इलाज कर' सांगणं म्हणजे गळक्या छपराखाली बसलेल्याला 'तू भिजतोस फार' म्हणण्यासारखं आहे. यातली छपराची उपमा माझी, मुद्दा त्यांचा.

वाटे झाले. आता रोजचं काम कसं पेलायचं, त्यासाठी कुठल्या परदेशी पुस्तकाकडे जायला नको. तुमच्या जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पुरे.

होळीनंतर बोहाड्याच्या रात्री मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकेक सोंग निघतं. गणपती, शारदा, राक्षस, शेवटाकडे जगदंबा आणि महिषासुर. कुठलं सोंग कुणाच्या घराण्यानं नाचवायचं ते ठरलेलं असतं. मुखवट्याआड कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक. काल तोच माणूस खाचरात होता, उद्या पुन्हा तिथेच असणार. तरी त्याला तोतया कुणी म्हणत नाही. का? कारण फसवणूक लपवावी लागते आणि सोंग उघडपणे घ्यावं लागतं. फसवणुकीची चोरी पकडतात, सोंगाचा नाच बघतात. आणि मुखवट्याचंही शिरपेचासारखंच, ज्यानं घातलाय त्याला देवाचा चेहरा दिसत नाही. त्याला दोन भोकांतून समोरची मशाल तेवढी दिसते. तो तालावर पाय टाकत राहतो.

'टीम लीड' हे तुमचं सोंग समजा. तुम्ही मुळातून ते असायला हवं, अशी अट नाही. ते नीट नाचवायचं आहे, बस. आणि बोहाड्यात कुणी एकटं नाचत नाही. कुणी संबळ वाजवतो, कुणी मशाल धरतो. तुमची मशाल आणि तुमचा संबळ म्हणून तीन गोष्टी करून बघा.

एक, साधी वही घ्या. दर शुक्रवारी चार ओळी. काय काम आलं, मी काय केलं, कुणाची मदत झाली, काय बिघडलं. कौतुक नाही, विशेषणं नाहीत, नुसती नोंद. 'मंगळवारी रात्री सर्व्हर बंद पडला, दीड वाजता चालू केला' या ओळीशी मनाला वाद घालता येत नाही. तीन महिन्यांनी मागची पानं वाचा. स्वतःचा शिरपेच बघायचा तोच एक आरसा आहे.

दोन, कुणी कौतुक केलं की 'थँक्यू, बरं वाटलं' म्हणा आणि तिथे थांबा. 'पण खरं तर…' हे पुढचे तीन शब्द गिळा. पहिले आठ दिवस घशाशी येतील.

तीन, एका माणसाला हे सांगा. तुमच्या आधी ही वाट चाललेली कुणी असेल तर उत्तमच. मी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी एका अंकाचं संपादन पहिल्यांदा केलं, तेव्हा मुखपृष्ठावर महिन्याचं नाव चुकीचं छापून गेलं होतं. आठवडाभर वाटलं की आता मला काढणार. शेवटी न राहवून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी कपाटातून एक जुना अंक काढून पुढे ठेवला. त्यांनी तर सालच चुकवलं होतं, आणि तो अंक तीस वर्षं जपून ठेवला होता, माझ्यासारख्यांना दाखवायला.

राहता राहिली भाची. तिला सांगा की टोचत असेल बहुधा, नवा शिरपेच टोचतोच. आणि थोडी मोठी झाली की पुढचंही सांगा. याच जव्हारवर १६७२ मध्ये मराठ्यांचीच फौज मोरोपंतांच्या हाताखाली चालून आली आणि विक्रमशहांचं राज्य गेलं. मान देणारा आणि घेणारा आयुष्यभर एका बाजूला राहतात असं नाही. म्हणून तुमच्या साहेबांचं मत उद्या बदललं, तरी जूनमध्ये मिळालेला मान खोटा ठरत नाही. तो त्या दिवसापर्यंतच्या कामाचा होता. माळाचं नाव अजून शिरपामाळच आहे.

प्रश्न : मोबाईलवर एक चाचणी दिली. शंभरपैकी चौऱ्याऐंशी आले आणि खाली 'तीव्र' असं लिहून आलं. हा आजार आहे का? डॉक्टरांकडे जाऊ का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : शंभरपैकी चौऱ्याऐंशी गुण मिळून माणूस घाबरला, असं या एकाच परीक्षेत होतं! ही चाचणी बहुधा क्लान्स बाईंचीच. वीस विधानं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. चाळीसपर्यंत किरकोळ, ऐंशीच्या वर तीव्र. मात्र ती फक्त सांगते की हा विचार तुमच्याकडे किती वेळा येतो. तुम्ही कामात कसे आहात, याचा तिला पत्ता नाही.

मानसिक आजारांच्या ज्या दोन याद्या जगभर डॉक्टर वापरतात, डीएसएम आणि आयसीडी, त्यांपैकी कुठल्याच यादीत हा आजार म्हणून नाही. किती जणांना होतो? २०२० मध्ये बासष्ट अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आकडा नऊ टक्क्यांपासून ब्याऐंशी टक्क्यांपर्यंत कुठेही निघाला, मोजपट्टी आणि रेघ जिथे धराल तसा. स्त्रियांचं म्हणून सुरू झालेलं हे दुखणं पुरुषांतही सर्रास आढळलं. म्हणजे तुमच्या लोकलच्या डब्यात या क्षणी आणखी चार-सहा जण तरी हेच घेऊन बसले असतील.

पण आजार नाही याचा अर्थ अंगावर काढा असा नाही. त्याच अभ्यासांत या विचारांच्या जोडीला चिंता आणि नैराश्य पुष्कळदा दिसलं. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, छातीत धडधड होत असेल, कामावर जायच्या कल्पनेनं रडू येत असेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा, आजच जा. जवळ कुणी नसेल तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. तिथे फोन केल्यानं नोकरीवर काही येत नाही. न केल्यानं येऊ शकतं.

प्रश्न : मी दोन वर्षांनी निवृत्त होतोय. आयुष्यभर एकच कोडं पडलं. ज्याला ही भीती वाटायला हवी त्याला ती वाटत नाही! आमच्याकडे ज्याला काही येत नाही तो छाती काढून फिरतो, आणि जिला सगळं येतं ती दहादा येऊन विचारते, 'सर, बरोबर आहे ना?' असं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : 'उथळ पाण्याला खळखळाट फार' हे आपल्याकडे ज्यानं म्हटलं त्यानं आकडे मोजले नव्हते. ते मोजले डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या दोघांनी, कॉर्नेल विद्यापीठात, १९९९ मध्ये. विद्यार्थ्यांना तर्काच्या, व्याकरणाच्या चाचण्या दिल्या आणि विचारलं, शंभरांत तुमचा नंबर कुठे लागेल? जे तळाच्या चौथाईत होते, ज्यांच्या मागे शंभरातले जेमतेम बारा होते, त्यांना वाटलं की आपल्या मागे बासष्ट जण असतील. वरच्या चौथाईतल्यांनी स्वतःला होते त्याहून थोडं खालीच धरलं. कारण सरळ आहे. व्याकरण चुकलं हे कळायला व्याकरणच यावं लागतं. ज्याला ते येत नाही, त्याला चूकही दिसत नाही, आणि चूक दिसली नाही की छाती आपोआप पुढे येते.

मात्र हे उलटं धरू नका. शंका येते म्हणजे माणूस हुशारच, असं नाही. कधी कधी शंका रास्त असते. पण शंकेचा एक उपयोग सापडलाय. एमआयटीच्या बसिमा तौफिक यांनी २०२२ मध्ये दाखवलं, की ज्यांना असे विचार जास्त येतात ती माणसं कामाच्या जागी दुसऱ्याकडे जास्त लक्ष देतात, ऐकून घेतात, आणि समोरच्यांना ती वागायला बरी वाटतात. कामाचा दर्जाही घसरलेला दिसला नाही. तुमच्या दहादा विचारणाऱ्या बाई कदाचित म्हणूनच लोकांना आवडत असतील.

तुमच्या हातात अजून दोन वर्षं आहेत. पुढच्या वेळी त्या 'बरोबर आहे ना?' म्हणाल्या की उत्तर देऊ नका. 'तुम्हाला काय वाटतं?' विचारा, आणि त्या म्हणतील ते करू द्या. चुकलं तर सही तुमची आहे. कौतुक करायचं तर नेमकं करा. 'छान' म्हणू नका. 'त्या फायलीतला फरक तुम्ही पकडलात म्हणून दंड वाचला' असं म्हणा. वर जव्हारच्या ताईंना जे लिहिलं ते तुमच्यासाठीही आहे. डोक्यावरचं ज्याचं त्याला दिसत नाही, ते समोरच्यानं बघून सांगायचं असतं. शिरपामाळावर विक्रमशहांनी तेच केलं.

आणि खोवताना टोक बाहेर राहील एवढं बघा. 'वा! तुम्हाला हे जमेल असं वाटलं नव्हतं' हेही आपल्याकडे कौतुक म्हणून चालतं.